प्रस्तावना : स्प्रेडशीटमधले तिकीट आरक्षण

तिकीट आरक्षणाची कोणतीही पद्धत एका साध्या हमीवर चालते. एका प्रयोगाचे एक आसन एकाच माणसाला विकले जाईल, ही ती हमी. नाट्यगृहाची तिकीटबारी, एसटीचे आगार आणि रेल्वेचे आरक्षण केंद्र यांचा पसारा निरनिराळा असला तरी सगळीकडे ठेवायच्या नोंदी चारच असतात. विकायला काय आहे, त्याचा दर किती, ते कोणाला विकले आणि पैसे किती आले. शाळेत स्प्रेडशीट शिकवायला हा विषय सोयीचा पडतो तो यामुळेच. रांगेत उभे राहून तिकीट काढणे मुलांच्या अनुभवातले असते, अर्धे तिकीट कोणाला लागते हे त्यांना पाठ असते. त्यामुळे तासिकेचा वेळ विषय समजावण्यात जात नाही. माहीत असलेला नियम तक्त्यात कसा बसवायचा, यावरच तो खर्च करता येतो.

नागपूरच्या विद्यार्थ्याला उदाहरणांसाठी शहराबाहेर जावे लागत नाही. सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. रेशीमबागेत २०१७ मध्ये सुरू झालेले, सुमारे दोन हजार आसनांचे कविवर्य सुरेश भट सभागृह आहे. रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून सुरू आहे आणि त्याचे तारामंडळ १९९७ पासून. गोरेवाड्याची सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. गणेशपेठेत एसटीचे बसस्थानक आहे, आणि सीताबर्डीला मेट्रोच्या दोन मार्गिका एकमेकींना मिळतात. या सगळ्या ठिकाणी तिकीट लागते, पण विकली जाणारी वस्तू एक नसते. नाटकाला ठरावीक तारखेच्या प्रयोगातले ठरावीक आसन विकले जाते. तारामंडळात एकाच दिवशी अनेक खेळ होतात, म्हणून आसनाबरोबर वेळही नोंदवावी लागते. सफारीत गाडीची फेरी महत्त्वाची. मेट्रोत अंतराप्रमाणे भाडे घेतात, जागा कोणाच्याही नावावर नसते, म्हणून तिथे तिकीट असले तरी आरक्षण नसते. आपल्या पद्धतीत नेमके काय विकले जाते, हे एका वाक्यात लिहून घेणे हा या विषयाचा पहिला धडा आहे. ते वाक्य चुकले की पुढचे सगळे रकाने चुकतात.

संगणकाच्या आधीची व्यवस्था मुलांना दाखवणे फायद्याचे ठरते, कारण तिच्यात सगळे भाग उघडे दिसतात. मराठी नाटकाच्या तिकीटबारीवर आसनांचा छापील नकाशा असे. त्याला प्लॅन म्हणतात, आणि विक्री सुरू झाली की प्लॅन उघडला असे म्हणतात. प्रेक्षकाने आसन निवडले की बुकिंग क्लार्क प्लॅनवर त्या चौकोनावर खूण करी आणि तिकिटावर तोच क्रमांक लिही. प्लॅन एकच असल्यामुळे एक आसन दोनदा विकले जात नसे. रेल्वेतही हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर चाले. गाडीची आरक्षण-वही ठरलेल्या खिडकीवर असे आणि त्या गाडीसाठी त्याच खिडकीच्या रांगेत उभे राहावे लागे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झाले. रेल्वेच्या माहिती प्रणालींसाठी क्रिस ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली, आणि २००२ मध्ये आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर घरबसल्या तिकीट मिळू लागले. वही जाऊन विदा आली तरी नियम बदलला नाही. एका गाडीची नोंद एकाच ठिकाणी राहते, फक्त ती हजारो खिडक्यांतून दिसते.

स्प्रेडशीटचा जन्म आरक्षणासाठी झालेला नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये अ‍ॅपल-२ संगणकासाठी व्हिसिकॅल्क आणले, ते हिशेबाच्या तक्त्यांसाठी. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलावेत, ही त्यामागची कल्पना. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आले, आणि २००६ पासून गूगल शीट्समुळे एकच तक्ता अनेकांना एकाच वेळी भरता येऊ लागला. शाळेसाठी लिबरऑफिस कॅल्क पुरेसे आहे. ते विनामूल्य आहे, इंटरनेटशिवाय चालते आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. सीबीएसईच्या नववी-दहावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात स्प्रेडशीट हा स्वतंत्र घटक आहे. बहुतेक ठिकाणी तो गुणपत्रकाच्या उदाहरणाने शिकवला जातो. बेरीज, सरासरी, टक्केवारी आली की घटक संपतो. आरक्षणाच्या उदाहरणात बेरजेच्या आधी बरेच काही ठरवावे लागते आणि बेरजेनंतरही काम उरते, म्हणून तोच घटक शिकवायला ते अधिक कसदार आहे.

पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक सभागृह धरले आहे. शाळेचे स्नेहसंमेलन आहे, एकच प्रयोग आहे. ए ते एल अशा बारा रांगा आणि प्रत्येक रांगेत वीस खुर्च्या, म्हणजे एकूण २४० आसने. पहिल्या चार रांगांचा दर १०० रुपये, मधल्या पाच रांगांचा ७० आणि शेवटच्या तीन रांगांचा ५०. विद्यार्थ्यांना अर्धे तिकीट, निमंत्रितांना मानाचे पास. एवढी माहिती फळ्यावर लिहून मुलांना तक्ता करायला सांगितले, तर बहुतेक गट एकाच शीटवर सगळे मांडतात. डावीकडे नावे, मध्ये आसने, उजवीकडे कुठेतरी दर आणि खाली बेरीज. हा तक्ता दहा तिकिटांपर्यंत चालतो. पुढे दर बदलला की प्रत्येक ओळीत जाऊन आकडा दुरुस्त करावा लागतो, आणि एखादी ओळ राहून जाते.

म्हणून काम चार शीटमध्ये वाटून घ्यावे लागते. पहिल्या शीटवर आसनांची यादी असते. एका आसनाला एक ओळ, म्हणजे २४० ओळी, आणि प्रत्येक आसनासमोर त्याचा वर्ग. दुसऱ्या शीटवर फक्त दर असतात. तिथे तीन वर्गांचे तीन आकडे आणि सवलतीचे प्रमाण एवढेच लिहायचे. तिसऱ्या शीटवर आरक्षणाच्या नोंदी, एका तिकिटाला एक ओळ. चौथ्या शीटवर प्लॅन आणि गल्ला. पहिल्या दोन शीट प्रयोगाच्या आधी तयार होतात आणि नंतर त्यांना हात लावायचा नसतो. विक्रीच्या वेळी फक्त तिसरी शीट भरली जाते. चौथ्या शीटवर हाताने काहीच लिहायचे नसते, तिथले सगळे सूत्रांनी येते. दर एकाच ठिकाणी राहिला की तो बदलणे एका सेलचे काम होते. ही वाटणी मुलांना पटली, तर विषयाचा अर्धा भाग झाला असे समजायला हरकत नाही.

त्यानंतर आसनांना क्रमांक द्यायचे. हे काम क्षुल्लक वाटते, पण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. रांगांनाही आकडेच दिले आणि तिसऱ्या रांगेतले बारावे आसन ३-१२ असे लिहिले, तर स्प्रेडशीट ती तारीख समजते आणि सेलमध्ये भलतेच काही दिसू लागते. रांगेला अक्षर दिले की हा घोळ टळतो. सी-४ आणि सी-१२ असे लिहिले तर क्रमवारी लावताना सी-१२ आधी येते, कारण मजकुराची तुलना डावीकडून एकेका चिन्हाने होते. सी-०४ असे दोन अंकी लिहिले की क्रम बरोबर लागतो. आणखी एक अडचण मराठी माध्यमाच्या शाळांत हमखास येते. मुलांनी देवनागरी अंक टंकले तर तो आकडा अनेकदा मजकूर धरला जातो आणि बेरजेत मोजला जात नाही. रकान्यांची नावे मराठीत ठेवावीत, आकडे मात्र इंग्रजी अंकांत भरावेत.

नोंदीच्या शीटवर तिकीट क्रमांक, तारीख, आसन, घेणाऱ्याचे नाव, तिकिटाचा प्रकार, दर, देय रक्कम आणि स्थिती एवढे रकाने पुरतात. तिकीट क्रमांक वेगळा का हवा, हा प्रश्न मुले विचारतातच. एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असू शकतात, आणि एकाच पालकाच्या नावावर चार तिकिटे असू शकतात. रेल्वे प्रत्येक आरक्षणाला दहा अंकी पीएनआर देते ते याचसाठी. नावावरून शोध घेता येतो, पण ओळख पटते ती क्रमांकावरून.

दराचा रकाना हाताने भरायचा नसतो. आसन लिहिले की पहिल्या शीटवरून वर्ग आणि दुसऱ्या शीटवरून दर आपोआप यावा, यासाठी व्हीलुकअप वापरतात. त्याचा शेवटचा भाग मुले हटकून गाळतात. तो गाळला की एक्सेल नेमकी जुळणारी नोंद न शोधता जवळपासची नोंद उचलते आणि कोणतीही सूचना न देता चुकीचा दर दाखवते. सूत्र चुकले की लाल खूण येते, असा मुलांचा समज असतो. चुकीचे उत्तर शांतपणे देणारे सूत्र त्यांनी एकदा तरी पाहिलेले बरे. सवलतीचे प्रमाण ज्या सेलमध्ये आहे त्याच्या पत्त्याला डॉलरचे चिन्ह लावायचे, नाहीतर सूत्र खाली ओढताना पत्ताही एकेक ओळ खाली सरकतो. हे नियम तोंडी सांगून लक्षात राहत नाहीत. सूत्र ओढल्यावर तिसऱ्या ओळीत शून्य रुपये दिसले की कायमचे लक्षात राहतात.

देय रक्कम काढायला इफ लागते, आणि इथे एसटीचे उदाहरण शाळेच्या उदाहरणापेक्षा अधिक शिकवते. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे. १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट. आता ७८ वर्षांच्या आजी नागपूरहून वर्ध्याला निघाल्या. त्या महिला आहेत, म्हणजे अर्धे. ७५ च्या पुढच्या आहेत, म्हणजे मोफत. सूत्रात महिलेची अट आधी तपासली तर आजींना अर्धे भाडे पडते, वयाची अट आधी तपासली तर एक रुपयाही पडत नाही. सत्तर वर्षांच्या आजींना दोन अटी लागू पडतात, तरी भाडे अर्धेच राहते, पाव होत नाही. मुलांनी आधी कागदावर वेगवेगळ्या वयाचे प्रवासी लिहून प्रत्येकाचे भाडे हाताने ठरवावे आणि मगच सूत्राला हात घालावा. अटी कोणत्या क्रमाने तपासायच्या हे संगणक ठरवत नाही. तो क्रम शासनाच्या नियमात असतो आणि सूत्र लिहिणाऱ्याने तो वाचलेला असावा लागतो.

आता सुरुवातीची हमी. एक आसन दोनदा विकले जाऊ नये, यासाठी काउंटइफ वापरून आसनांच्या रकान्यात तोच क्रमांक किती वेळा आला ते मोजतात. उत्तर एकपेक्षा जास्त असेल तर सेल लाल व्हावा, किंवा डेटा व्हॅलिडेशन लावून दुसरी नोंद स्वीकारूच नये. तक्ता तयार झाल्यावर शिक्षकाने एका गटाला तो फसवायला सांगावे. पहिल्या मुलाने सी-१४ लिहिलेले असते. दुसरा सी १४ असे, मधली रेघ गाळून लिहितो. तिसरा सी-१४ लिहून पुढे एक मोकळी जागा सोडतो. माणसाच्या नजरेला तिन्ही आसने एकच आहेत, तक्त्याला ती तीन वेगळी वाटतात आणि एकही सेल लाल होत नाही. उपाय सोपा आहे. आसन हाताने टंकू द्यायचे नाही, पहिल्या शीटच्या यादीतून ड्रॉपडाउनने निवडायला लावायचे. एवढे झाल्यावरही एखादी चलाख मुलगी जुना सेल कॉपी करून खाली चिकटवते आणि व्हॅलिडेशन चुकवून दुबार नोंद आत घालते, कारण चिकटवलेल्या मजकुरावर ती तपासणी होत नाही. म्हणून रोखणारा नियम आणि दाखवणारा लाल रंग, दोन्ही ठेवावे लागतात.

प्लॅनची शीट हा या कामातला सर्वांत देखणा भाग. बारा ओळी आणि वीस रकाने आखायचे. डाव्या कडेला रांगेची अक्षरे, वरच्या कडेला आसनांचे आकडे. कोपऱ्यातल्या पहिल्या चौकोनात एकच सूत्र लिहायचे. कडेचे अक्षर, मध्ये रेघ आणि वरचा आकडा दोन अंकी करून जोडायचा, आणि तयार झालेले आसन नोंदींत किती वेळा येते ते मोजायचे. अक्षराच्या पत्त्यात रकान्याला डॉलर आणि आकड्याच्या पत्त्यात ओळीला डॉलर लावला की तेच सूत्र ओढून २४० चौकोन भरतात. शून्य असेल तिथे हिरवा रंग, एक असेल तिथे लाल, दोन किंवा अधिक असेल तिथे काळा, अशी कंडिशनल फॉरमॅटिंग लावायची. नोंदीच्या शीटवर एक ओळ भरली की प्लॅनवर एक चौकोन लाल होतो. क्लार्कची पेन्सिल जे काम करी तेच इथे सूत्र करते, आणि काळा चौकोन दिसला तर कुठेतरी हमी मोडली आहे हे लगेच कळते.

तिकीट रद्द होणे हा भाग बहुतेक गट विसरतात. पालक येऊन तिकीट परत करतात आणि मुले ती ओळ खोडून टाकतात. ओळ गेली की दिलेल्या आणि परत केलेल्या पैशांचा माग राहत नाही. नोंद खोडायची नाही, स्थितीच्या रकान्यात रद्द असे लिहायचे. मग प्लॅनचे आणि दुबार-तपासणीचे सूत्र काउंटइफऐवजी काउंटइफ्सचे करावे लागते, म्हणजे रद्द झालेल्या ओळी मोजल्या जात नाहीत आणि ते आसन पुन्हा हिरवे होते. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करू नये, चुकीची नोंद उलट नोंदीने फिरवावी, हा वाणिज्य शाखेतला नियम मुलांना इथे आठवी-नववीतच भेटतो.

गल्ल्याची बेरीज बरोबर आहे की नाही, हे बेरीज पाहून कळत नाही. त्यासाठी उत्तर आधी माहीत असलेली परीक्षा घ्यावी लागते. सगळी २४० आसने पूर्ण दराने विकली असे धरले, तर पहिल्या वर्गाचे ८,०००, दुसऱ्याचे ७,००० आणि तिसऱ्याचे ३,०००, मिळून १८,००० रुपये झाले पाहिजेत. सगळी तिकिटे विद्यार्थ्यांना विकली तर ९,०००. सगळे पास दिले तर शून्य. तक्त्याने ही तीन उत्तरे दिली नाहीत तर त्याच्या चौथ्या उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही. मूल्यमापनात रंगसंगतीपेक्षा या परीक्षेला जास्त गुण असावेत.

काम इथे थांबत नाही. ज्यांचे लवकर होते त्यांच्यासाठी रेल्वेचा डबा आहे. जुन्या धाटणीच्या स्लीपर डब्यात ७२ शायिका असतात, आठ-आठांचे नऊ भाग. शायिकेच्या क्रमांकाला आठने भागून बाकी काढली की ती कोणती ते कळते. बाकी १ किंवा ४ उरली तर खालची, २ किंवा ५ तर मधली, ३ किंवा ६ तर वरची, ७ तर बाजूची खालची, शून्य तर बाजूची वरची. पाचवीतला भागाकार इथे एका सूत्रात कामाला येतो. विदर्भातल्या मुलांना झाडीपट्टीच्या नाटकांचे उदाहरणही देता येईल. एकच नाटक गावोगाव फिरते, म्हणून तिथे गाव आणि तारीख हे दोन रकाने वाढतात.

स्प्रेडशीटची मर्यादा मुलांपासून लपवू नये. तक्त्याची फाइल दोन खिडक्यांवर दोन प्रतींत ठेवली, तर त्या क्षणापासून प्लॅन दोन झाले आणि सी-१४ दोघांना विकले जाणार हे ठरलेलेच. गूगल शीट्सवर एकच प्रत ठेवली तरी दोघांनी ते आसन एकाच वेळी मोकळे पाहून आपापल्या ओळीत भरले असे होऊ शकते. मोठ्या आरक्षण प्रणालीत ग्राहक पैसे भरत असताना ते आसन काही मिनिटे इतरांसाठी बंद ठेवले जाते. स्प्रेडशीटमध्ये असे कुलूप नसते. म्हणून शाळेच्या पद्धतीत विक्रीला एकच खिडकी आणि तक्ता भरायला एकच हात हवा. स्प्रेडशीट हे आरक्षणाचे उत्तम साधन आहे म्हणून ती शिकवली जात नाही. तिच्यात प्रत्येक नियम सेलवर टिचकी मारून पाहता येतो, आणि मोठ्या प्रणालीत तोच नियम झाकलेला असतो, म्हणून शिकवली जाते.

नोंदीत काय विचारायचे, यालाही मर्यादा हवी. तिकिटाला नाव पुरते. मोबाइल क्रमांकाचा जास्तीचा रकाना प्रयोग रद्द झाल्यास कळवण्यासाठी लागतो, जन्मतारीख आणि पत्ता कशालाच लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. जो रकाना वापरायचा नाही तो आखायचाच नाही आणि प्रयोग झाल्यावर मोबाइल क्रमांकांचा रकाना पुसायचा, एवढी शिस्त शाळेत सहज लावता येते.

शिकवण्याचा क्रम साधनापासून सुरू होऊ नये. पहिली तासिका कागदावर घ्यावी. चौकटीच्या कागदावर प्लॅन आखून मुलांनी एकमेकांना तिकिटे विकावीत आणि अडचणींची यादी करावी. त्यानंतर चार शीट, मग दर, मग सवलत, मग दुबार-तपासणी आणि शेवटी प्लॅन. एका संगणकावर दोन-तीन मुले बसत असतील तर एक भरणारा, एक नियम वाचणारा आणि एक तक्ता फसवणारा अशी वाटणी करावी आणि दर तासिकेला ती बदलावी. तयार तक्ता देऊन त्यात आकडे भरायला लावण्याचा मोह टाळावा. त्यात वेळ वाचतो, पण नियम लिहिण्याचे काम शिक्षकाकडेच राहते.

वर्गात तयार झालेली पद्धत खऱ्या स्नेहसंमेलनाला वापरायची असेल तर पहिल्या वर्षी शेजारी कागदी प्लॅनही ठेवावा आणि प्रत्येक तिकीट दोन्हीकडे नोंदवावे. प्रयोगाच्या रात्री पेटीतली रोकड, कागदाचा हिशेब आणि तक्त्याची बेरीज हे तिन्ही आकडे जुळले, तर पुढच्या वर्षी कागद बंद करावा. जुळले नाहीत तर फरक कोणत्या ओळीत आहे ते मुलांनाच शोधू द्यावे.